ताटातले तेल आणि साबणातले तेल

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत तेलबियांना तोटा नाही. रब्बीत करडई आणि जवस, खरिपात सोयाबीन, तीळ आणि कारळे, कापसाच्या मागोमाग येणारी सरकी, ओलिताच्या जमिनीत उन्हाळी भुईमूग, बांधावर एरंड, गावठाणात कडुनिंब, ओढ्याकाठी करंज आणि किनवट-माहूरच्या रानात मोह, इतकी विविधता जवळ असताना घरी साबण करू पाहणाऱ्याने तेलासाठी दूर जावे असे कोणालाच वाटणार नाही. अडचण अशी की, या भागात जी तेले सर्वांत मुबलक आहेत आणि जेवणात ज्यांचा मान मोठा आहे, त्यांतील बहुतेक साबणाच्या दृष्टीने नाजूक ठरतात. निव्वळ करडईच्या तेलाचा साबण उत्तम बनतो, पहिल्या महिन्यात हाताला मऊही लागतो. परंतु चैत्र-वैशाखाची झळ लागली की त्यावर ठिपके उमटतात आणि त्याला खवट वास येऊ लागतो. त्यामागचे कारण तेलाच्या रासायनिक घडणीत आहे, आणि ती घडण एकदा समजली की कोणते तेल किती घ्यावे हा प्रश्न बराचसा सुटतो.

तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरिनच्या एका खुंट्याला अडकवलेल्या तीन लांब साखळ्या होत. या साखळ्यांना मेदाम्ले म्हणतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाशी तेलाचा संयोग झाला की या साखळ्या खुंट्यापासून सुटतात, त्यांच्या टोकाशी सोडियम जोडला जातो आणि साबण तयार होतो. ग्लिसरीन मोकळे होऊन त्याच वडीत राहते. या क्रियेला साबणीकरण असे नाव आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती ही की साबणीकरणात साखळीचे फक्त टोक बदलते, बाकीची साखळी जशीच्या तशी राहते. त्यामुळे तेलाच्या अंगी खवट होण्याची जी प्रवृत्ती असते, ती साबणात नाहीशी होत नाही. शिवाय घरगुती साबणात त्वचा कोरडी पडू नये म्हणून कॉस्टिक जाणूनबुजून थोडे कमी घातले जाते आणि शेकडा पाचच्या आसपास तेल साबण न होता तसेच उरते. हे उरलेले तेल वडीभर पातळ थरात पसरलेले असल्याने हवेच्या सतत संपर्कात राहते आणि खराब होण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

साखळीतील कार्बनचे अणू परस्परांशी एकेरी किंवा दुहेरी बंधाने जोडलेले असतात. सगळे बंध एकेरी असतील तर ते मेदाम्ल संतृप्त, आणि एक वा अधिक बंध दुहेरी असतील तर असंतृप्त. ओलेइक आम्लात असा एक दुहेरी बंध असतो, लिनोलेइक आम्लात दोन आणि लिनोलेनिक आम्लात तीन. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन सापडतो, त्याचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. तो निसटला की त्या जागी हवेतील ऑक्सिजन येऊन बसतो, त्यातून पेरॉक्साइड नावाचे अस्थिर संयुग तयार होते, आणि ते शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेत हा प्रकार पुढे चालवते. पेरॉक्साइडे फुटली की लहान लहान तुकडे पडतात, त्यांतील ॲल्डिहाइडांमुळे आपल्या ओळखीचा तो वास येतो, म्हणजे दिवाळीच्या चिवड्याच्या डब्यात तळाशी राहून गेलेल्या शेंगदाण्यांना शिमग्याच्या सुमारास येतो तो. हवेत होणाऱ्या या ऑक्सिडीभवनाचा वेग ओलेइक आम्लात एक मानला, तर लिनोलेइकमध्ये तो सुमारे दहा पट आणि लिनोलेनिकमध्ये सुमारे वीस पट किंवा त्याहूनही अधिक असतो. एका दुहेरी बंधाकडून दोनांकडे जाताना वेग दुप्पट न होता दसपट होतो, यातच तेलनिवडीचे सगळे मर्म आले.

दुहेरी बंधांचे प्रमाण मोजण्याची एक जुनी आणि सोपी पट्टी आहे. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, त्या आकड्याला आयोडीन मूल्य म्हणतात. दुहेरी बंध जितके जास्त, तितका हा आकडा मोठा. खोबरेल तेलाचे आयोडीन मूल्य साडेसात ते १० एवढेच असते. पामतेलाचे ४५ ते ५६, एरंडेलाचे ८२ ते ९०, शेंगदाणा तेलाचे ८५ ते ९९, सरकीच्या तेलाचे ९८ ते ११२, तिळाच्या तेलाचे १०५ ते ११५, सोयाबीन तेलाचे १२० ते १४१ आणि करडईच्या तेलाचे १३५ ते १४८ असते. जवसाचे तर १७० च्या पुढेच जाते. मराठवाड्याची बहुतेक तेले या पट्टीच्या वरच्या टोकाला दाटी करून बसलेली आहेत, हे या आकड्यांवरून सहज दिसते.

करडईचे उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे, कारण हे पीक या भूमीच्या अंगवळणी पडलेले आहे. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर, पुढे एकही पाणी न देता, करडई निघते. तिच्या काट्यांमुळे जनावरे शेतात शिरत नाहीत म्हणून ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने तिचे पट्टे घालण्याची रीत होती, आणि कोवळ्या पानांची भाजी तर घरोघर होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखी वाणे याच कोरडवाहू शेतीसाठी दिली. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे शेकडा ७५ असते. आहारशास्त्र ज्या गुणासाठी या तेलाची शिफारस करते, तोच गुण साबणाच्या मुळावर येतो, कारण शरीरात गेलेले तेल काही तासांत पचून जाते आणि साबणाच्या वडीला मात्र महिनोन्‌महिने मोरीच्या कोनाड्यात दिवस काढायचे असतात. मान्यता आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि लाकडी घाण्याच्या तेलाविषयी अलीकडे जो आदर वाढला आहे, त्यात हा फरक बहुधा विसरला जातो.

अर्थात करडई म्हणून सरसकट बाद ठरवण्याचे कारण नाही. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने करडईचे असे वाण विकसित केले आहेत की ज्यांच्या तेलात प्रमाण नेमके उलटे असते, म्हणजे ओलेइक आम्ल पाऊण हिश्श्याच्या आसपास आणि लिनोलेइक थोडे. भुईमुगातही गिरनार-४ आणि गिरनार-५ ही उच्च ओलेइक वाणे २०२० मध्ये देशापुढे आली. अशा बियाण्याचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्याकडून दाणे आणून घाण्यावर स्वतःसमोर तेल काढून घेतले, तर तेच करडईचे वा शेंगदाण्याचे तेल साबणात पुष्कळ टिकते. दुकानात सुटे विकत घेतलेल्या तेलाचे वाण मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही.

जवसाचे तेल साबणात नावापुरतेही घालू नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने जवसाचे एलएसएल-९३ हे वाण दिले आणि जवसाची चटणी या भागात आवडीने खाल्ली जाते. पण याच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते, आणि म्हणून ते हवेत उघडे ठेवले की काही दिवसांत त्यावर साय धरते आणि ती घट्ट होते. रंगारी आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या हे तेल वापरत आले ते त्याच्या या वाळण्याच्या गुणामुळे. लाकडावर जो गुण, तो साबणात दोष. सोयाबीनची गोष्ट याच्याच धाकट्या भावासारखी आहे: लातूरच्या बाजार समितीतील सोयाबीनच्या भावाकडे राज्यभराचे लक्ष असते, तेल स्वस्त आणि हाताशी मिळते, परंतु त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आणि वर शेकडा पाच ते आठ लिनोलेनिक असल्यामुळे घरगुती साबणात त्याला जागा नाही. कारळे आणि नेहमीचे सूर्यफूल हीदेखील त्याच पंगतीची. सरकीचे तेल मधले आहे. ज्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ मध्ये एनएचएच-४४ हा संकरित कापूस देऊन कोरडवाहू शेतकऱ्याला हात दिला, तेथील सरकीचे तेल थोड्या प्रमाणात चालते, कारण त्यात सुमारे पाव हिस्सा संतृप्त पामिटिक आम्ल असते, पण उरलेल्यात लिनोलेइकचाच भरणा असल्याने शेकडा दहाच्या पुढे जाऊ नये. तीळ याला अपवाद ठरतो. आयोडीन मूल्य शंभराच्या वर असूनही तिळाचे तेल सहसा लवकर खवट होत नाही, कारण त्यात सेसामोल आणि त्याच्या नात्यातील द्रव्ये नैसर्गिक प्रतिऑक्सिडक म्हणून, म्हणजे ऑक्सिजनचा हल्ला आपल्या अंगावर घेणारी द्रव्ये म्हणून, असतात. जाता जाता सांगायचे तर, वनस्पती तुपाची भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले गेले होते, तेही याच द्रव्यांच्या रंगीत प्रतिक्रियेच्या भरवशावर.

मग वडीचा कणा कशाचा करावा? खोबरेल तेल या भागात पिकत नाही, तरी त्यावाचून चालत नाही, कारण त्यातील लॉरिक आम्लाचा साबण कूपनलिकेच्या जड पाण्यातही फेस देतो आणि संतृप्त असल्याने ते ऑक्सिजनला फारसे भीक घालत नाही. मात्र त्याचे प्रमाण शेकडा ३० च्या पुढे गेले की त्वचा कोरडी पडू लागते. दुसरा आधार खास या मुलुखाचा आहे, तो मोहाचा. किनवट आणि माहूर तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुले चैत्राच्या आसपास वेचली जातात याची चर्चा पुष्कळ होते. फुलांनंतर धरणाऱ्या फळांच्या बियांतून निघणाऱ्या तेलाची तितकी होत नाही. थंडीत तुपासारखे थिजणाऱ्या या तेलात पामिटिक आणि स्टिअरिक ही संतृप्त आम्ले मिळून निम्म्याच्या जवळपास असतात, उरलेल्यात ओलेइकचा वाटा मोठा, आणि लिनोलेइक शेकडा १५ च्या आतबाहेर. त्यामुळे वडी कडक होते, पाण्यात लवकर विरघळत नाही आणि टिकते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांपासून साबण हा स्वतंत्र ग्रामोद्योग मानून मोह, कडुनिंब आणि करंज यांच्या बिया गोळा करण्याला उत्तेजन दिले, त्यामागे खाण्याचे तेल साबणात जाऊ नये हा विचार होता. टिकाऊपणाचा लाभ त्याबरोबर आपोआप पदरात पडत होता. कडुनिंबाच्या तेलाचीही घडण बरी आहे, फक्त त्याचा मूळचाच वास इतका उग्र असतो की साबण खवट झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मोहाचे तेल मिळाले नाही तर पामतेल चालते. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर आणि चणाडाळीबरोबर जे लिटरभर पामतेल रेशनवर मिळाले, ते जेवणात अनेकांना रुचले नसले तरी साबणासाठी करडईपेक्षा कितीतरी भरवशाचे होते. एरंडेलाचा कारभार वेगळाच आहे: त्यातील सुमारे नऊ दशांश भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो, त्यात दुहेरी बंध एकच असतो, आणि या आम्लामुळे फेस दाट व टिकाऊ होतो; पण शेकडा दहाहून जास्त घातल्यास वडी चिकट होते.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहिला की फरक ठसठशीत दिसतो. एक किलो तेलात ३०० ग्रॅम खोबरेल आणि ७०० ग्रॅम करडई घेतली, तर मिश्रणात लिनोलेइकचे प्रमाण शेकडा ५३ च्या आसपास जाते आणि सरासरी आयोडीन मूल्य शंभराच्या वर राहते. त्याऐवजी ३०० ग्रॅम खोबरेल, ३०० ग्रॅम मोह, ३०० ग्रॅम शेंगदाणा आणि १०० ग्रॅम एरंडेल घेतले, तर लिनोलेइक शेकडा १४ वर येते आणि आयोडीन मूल्य ५८ च्या जवळपास. साबण करणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा असा की, लिनोलेइक आणि लिनोलेनिक मिळून शेकडा १५ च्या आत आणि आयोडीन मूल्य ७० च्या आत ठेवावे. या दुसऱ्या मिश्रणाला पूर्ण साबणीकरणासाठी सुमारे १४९ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शेकडा पाच तेल मोकळे ठेवायचे तर १४१ ग्रॅम पुरतो, आणि तो सुमारे ३३० ग्रॅम पाण्यात विरघळवायचा असतो. कॉस्टिक पाण्यात टाकावा, पाणी कॉस्टिकवर ओतू नये. भांडे स्टीलचे असावे, कारण ॲल्युमिनियमचे भांडे कॉस्टिक खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. मोकळ्या तेलाचे प्रमाण शेकडा आठ-दहापर्यंत वाढवण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. शेवटी घातलेले महागडे तेलच मोकळे राहील ही समजूतही थंड पद्धतीत खरी नाही, कारण कॉस्टिक कोणते तेल आधी आणि कोणते नंतर अशी रांग पाळत नाही.

तेलाच्या जातीइतकाच त्याच्या वयाचाही प्रश्न आहे. खवटलेले तेल खाण्यातून जाते तेव्हा ते साबणाला चालेल म्हणून बाजूला ठेवण्याची काटकसर अनेक घरांत दिसते, आणि ती अंगलट येते. अशा तेलात पेरॉक्साइडे आधीच तयार असतात, म्हणजे साखळीतली पहिली ठिणगी पडलेली असते, आणि कॉस्टिक तिला विझवत नाही. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा फोडून तो चार-सहा महिने अर्धवट वापरत राहिल्यास वरच्या मोकळ्या जागेत हवा साचते, फोडलेल्या कडेला गंज धरतो, आणि तेल ओतताना तो गंज दर वेळी त्यावरून धुऊन निघतो. लोह आणि तांबे ही दोन्ही ऑक्सिडीभवनाची गती वाढवणारी द्रव्ये असून त्यांचा अंशही पुरेसा होतो. घाण्याचे तेल असल्यास ते दोन-तीन दिवस निवळू देऊन, तळाचा गाळ मागे ठेवून, काचेच्या किंवा स्टीलच्या बरणीत गळ्यापर्यंत भरून ठेवावे; ताज्या रिफाइंड तेलापुढे जुने घाण्याचे तेल केव्हाही हलके, असे म्हटल्यास घाणेवाल्यांनी रागावू नये.

पाण्याचीही तीच कथा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. परंतु कूपनलिकेच्या खोल पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे साबणाचा काही भाग न विरघळणारा चोथा होतो, आणि लोह असल्यास ते खवटपणाला हातभार लावते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी गल्लोगल्ली मिळणारे डिस्टिल्ड वॉटर यासाठी सर्वांत सोयीचे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी फुकट मिळते खरे, पण ते तांब्याच्या वेटोळ्यावरून आलेले असते. धातूंचे अंश जखडून ठेवण्यासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाचे सत्त्व, घालण्याचीही पद्धत आहे. कॉस्टिकशी संयोग होऊन त्याचे सोडियम सायट्रेट बनते आणि ते लोहाच्या अणूला धरून ठेवते. अशा वेळी दर ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्लामागे सुमारे ०.६ ग्रॅम कॉस्टिक जास्त घ्यावा लागतो, नाहीतर हिशेबापेक्षा अधिक तेल मोकळे राहते आणि उपायच अपाय ठरतो. ई जीवनसत्त्व किंवा रोझमेरीचा अर्क ताज्या तेलात घातल्यास खराबी लांबते, परंतु लिनोलेइकने भरलेल्या मिश्रणाला तो कायमचा वाचवू शकत नाही.

ठिपके पडतात कसे, हे एकदा जवळून पाहावे. वडी कापल्यापासून दोन-तीन महिन्यांनी पृष्ठभागाच्या किंचित खाली मोहरीएवढा फिकट पिवळा डाग दिसतो. आठवड्याभरात तो नारिंगी होतो, कडेने पसरतो, बोट लावल्यास तेलकट लागतो आणि नखाने कोरल्यास आत खोलवर गेलेला आढळतो. वड्या लोखंडी जाळीवर वाळवल्या असतील, तर असे ठिपके जाळीच्या तारांच्या रेषेत ओळीने उमटतात. मुरण्याच्या चार ते सहा आठवड्यांत वड्या लाकडी फळीवर किंवा वेताच्या टोपलीत, परस्परांना न चिकटता ठेवाव्या लागतात, त्या याचसाठी. जागेचाही परिणाम मोठा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडत असताना पत्र्याच्या खोलीतील फळीवर जे दोन महिन्यांत घडते, ते माळवदाच्या घरातील अंधाऱ्या कोनाड्यात घडायला बराच अधिक काळ लागतो. बालाघाटाच्या पठारावर असल्याने लातूरला नांदेडपेक्षा उन्हाळा थोडा सौम्य, एवढाच काय तो दिलासा. बचतगटांनी असा साबण विक्रीला काढायचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतोच, आणि वेष्टनावर अमुक महिन्यांपर्यंत वापरा असे छापण्याआधी प्रत्येक खेपेतील एक वडी उन्हाळाभर बाजूला ठेवून पाहणे गटाच्याच हिताचे असते.

ऋतूंचा मेळ मोहाच्या मिश्रणाला चांगला जमतो. मोहाच्या बिया पावसाळ्याच्या तोंडावर गोळा होतात आणि उन्हाळी भुईमूगही त्याच सुमारास घरात आलेला असतो, म्हणजे आषाढात दोन्ही तेले ताजी मिळतात. श्रावण-भाद्रपदात दमट हवेमुळे मोकळे ग्लिसरीन पाणी ओढून घेते आणि वड्यांना घाम सुटतो, म्हणून त्या दिवसांत त्यांच्यामधले अंतर वाढवावे लागते. गणपती उठेपर्यंत साचे रिकामे झाले, तर नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला वडी मुरून तयार असते, थंडीभर ती निर्धास्त वापरता येते, आणि होळीपर्यंत कपाटात जी उरते ती आधी संपवायची म्हणून मोरीत पुढे काढून ठेवावी लागते.